पोहोचले म्हणायचं कधी

आमच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या परीक्षेत एक शब्द मोठ्याने म्हणावा लागतो. "पोहोचले." दुर्बीण मोठ्या आतड्यातून सरकत सरकत त्याच्या अगदी पार टोकाला, म्हणजे सीकमला, गेली की हा शब्द म्हणायचा, टोकाचे फोटो काढायचे, आणि मग सगळं आतडं नीट बघत हळूहळू बाहेर यायचं. शब्द चुकीच्या जागी म्हणालात आणि परीक्षकांना सांगावं लागलं की अहो, तुम्ही अजून वाटेतच आहात, तर परीक्षा तिथेच संपते. पुढची एक वर्षाने.

मला ती एक वर्षाने देता आली नसती. सासूबाई महिनाभरात नणंदेच्या बाळंतपणाला जाणार होत्या आणि नातवंड चालायला लागेपर्यंत तिथेच राहणार होत्या. नवऱ्याची नोकरी फिरतीची. आमची ठकी दीड वर्षाची. म्हणजे जे काय व्हायचं ते याच मंगळवारी व्हायला हवं होतं, नाहीतर नाहीच.

मी साधी फिजिशियन. गावाच्या टोकाला आमचं छोटं रुग्णालय आहे. तिथे पोटदुखीचे, शौचातून रक्त पडण्याचे पेशंट रोज येतात आणि मी त्यांना चिठ्ठी लिहून दोन तासांवरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवते. निम्मे जातच नाहीत. एकदा एक गृहस्थ सात महिन्यांनी माझीच चिठ्ठी घेऊन परत आले. घडीसुद्धा मोडली नव्हती. त्यांच्याकडे बघून मला पुढचं सगळं कळलं. आणि गंमत म्हणजे आमच्याकडे दुर्बीण आहे. जुने डॉक्टर निवृत्त झाल्यापासून ती कपाटात उभी आहे, चादर पांघरून, रुसलेल्या जाऊबाईसारखी. ती हातात घ्यायची तर पोटविकारांचं पदव्युत्तर शिक्षण हवं. ठकी सात महिन्यांची होती तेव्हा मी नाव घातलं.

सासूबाईंना मी समजावून सांगितलं की हा डॉक्टर, नर्स अशा काम करणाऱ्या लोकांसाठीचा अभ्यासक्रम आहे, व्याख्यानं घरी बसून ऐकायची, आठवड्यातून एक दिवस मोठ्या रुग्णालयात जाऊन हात बसवायचा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, आमची सून आता लोकांच्या पोटात शिरायला शिकतेय, आमच्या पोटात तर आधीच शिरलीय.

व्याख्यानं मी एका कानाने ऐकायची. दुसरा कान ठकीचा. यकृताच्या आठवड्यात तिचं नाक मला पिवळं दिसायला लागलं. मी तिला खिडकीत नेऊन डोळ्यांचे पांढरे भाग बघितले, तळहात बघितले, पुन्हा नाक बघितलं, आणि नवऱ्याला कामावर फोन केला. तो म्हणाला, तीन दिवस तू तिला गाजरं भरवतेयस, पिवळी नाही होणार तर काय निळी होणार? गिळलेल्या वस्तूंवरचं व्याख्यान तर मी पूर्ण ऐकूच शकले नाही. लहान मुलाने बटणाएवढा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिकेला भोक पडू शकतं, असं सांगून त्या सरांनी फोटो दाखवला मात्र, मी संगणक तसाच सोडून घरभर रांगत सुटले. वजनकाटा, खेळण्यातलं बदक, टीव्हीचा रिमोट, सगळ्यातले सेल काढून मी वरच्या फळीवर कुलपात ठेवले. बदक मुकं झालं. नवरा तीन आठवडे टीव्हीसमोर उठून हाताने बटण दाबत होता आणि दर वेळी म्हणत होता, पुढचं व्याख्यान कशावर आहे ते आधी सांग, मी तयारीत राहीन.

पण खरं सांगू? मला इतकं मजेचं काही कॉलेज संपल्यापासून मिळालं नव्हतं. आतड्याला स्वतःचं डोकं असतं, मेंदूला न विचारता ते आपली कामं उरकतं, हे वाचलं त्या दुपारी मी ठकीच्या पोटावर कान ठेवून पंधरा मिनिटं पडून राहिले होते. गुडगुड, शांतता, गुडगुड. सासूबाई दारातून बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत, म्हणजे बरंच काही त्यांना बोलायचं होतं.

हात बसवणं मात्र वेगळं. पुस्तकात आतडं म्हणजे उलटा यू काढलेला असतो, सरळ, सभ्य. खरं आतडं पिशवीत कोंबलेल्या बागेच्या नळीसारखं. दुर्बीण पुढे ढकलली की डावीकडे खाली तिचं वेटोळं होतं, आणि मग जितकं ढकलाल तितकं वेटोळंच मोठं होतं, टोक जागचं हलत नाही, पेशंट मात्र कळवळतो. तेव्हा काय करायचं, तर मागे ओढायचं. थोडं उजवीकडे पिळत मागे ओढायचं. वेटोळं सुटतं, दुर्बीण सरळ होते, आणि बाहेर काढत असताना टोक आपोआप पुढे जातं. पहिल्यांदा माझ्या हातून असं झालं तेव्हा मी इतकी खूश झाले की घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते.

आम्हाला शिकवणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या त्याच, मोठ्या मॅडम. साठीच्या, उंच, कायम एकाच राखाडी स्वेटरमध्ये. त्या ओरडत नसत. चुकलं की फक्त आपला चष्मा काढून पुसायच्या. एका वर्गात त्यांनी चष्मा सात वेळा पुसल्याची आमच्यात नोंद होती. आणि तपासणीच्या खोलीतल्या थोरल्या सिस्टर. तीस वर्षं त्या खोलीत काढलेल्या, आणि आता या वयात आमच्याबरोबर नर्सिंगचे पेपर देऊन आमच्यापेक्षा जास्त मार्क मिळवलेल्या. पेशंटच्या पोटावर कुठे हात दाबला की वेटोळं होणार नाही हे त्यांना पोटाकडे नुसतं बघून कळायचं. मला त्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

परीक्षा दोन दिवस होती. सोमवारी आमच्यातल्या पाठांतरची होती. त्याला आम्ही पाठांतर म्हणायचो कारण त्याला पुस्तक पानांच्या क्रमांकासकट येत असे. दुपारी मी खोली बघून ठेवायला म्हणून गेले होते, तर तो कॅन्टीनमध्ये बसला होता आणि साखर न घातलेला चहा ढवळत होता. बराच वेळ ढवळत होता. मी समोर बसले.

तो म्हणाला, "यकृताच्या वळणावर म्हणालो."

मला लगेच कळलं. उजवीकडे वर, यकृताच्या खाली आतडं एक जोरदार वळण घेतं. तिथे आतडं रुंद होतं, पुढचा रस्ता घडीमागे लपतो, आणि टोक आलंय असं वाटतं. हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. पान एकशे बेचाळीस, हे त्यानेच मला एकदा सांगितलेलं.

मी त्याला काहीबाही धीर दिला. पण बसमध्ये बसल्यावर मनात आलं, असं कसं कोणी फसेल? निळसर छटा दिसते की तिथे. भिंतीमागून यकृत स्वतः डोकावून सांगत असतं, मी इथे आहे म्हणून. मी तर दाराला कुलूप लावून तीन पायऱ्या उतरते आणि परत वर येऊन ते ओढून बघते. माझ्या हातून असलं काही होणं शक्यच नव्हतं.

मंगळवारी सकाळी ठकीचं अंग मला कोमट लागलं. मी थर्मामीटर लावला. मग दुसऱ्या काखेत लावला. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या कमरेला खोचला.

"दात येतायत तिला," त्या म्हणाल्या. "तू घरी बसलीस म्हणून दात परत आत जाणारेत का? जा. आणि दर अर्ध्या तासाने फोन करू नकोस, मी उचलणार नाही."

मी म्हटलं, आई, सदतीस पूर्णांक चार आहे. त्या म्हणाल्या, तुझा बघू का किती आहे ते?

ठकीने मला दारातून टाटा केला आणि लगेच पाठ फिरवून मुक्या बदकाकडे गेली. जरा रडली असती तर बरं वाटलं असतं.

पेशंट होते ड्रायव्हिंग शिकवणारे एक काका. बासष्ट वर्षांचे, जाड मिशा, हाताला अजून स्टीअरिंग धरल्याची सवय. बावीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली होती. धाकट्या भावाला आतड्याचा कर्करोग झाला, कळला तेव्हा उशीर झाला होता, तो मागच्या वर्षी गेला. मुलीने धोशा लावला म्हणून हे तपासून घ्यायला आले होते. हे सगळं मी फॉर्म भरताना विचारलं आणि मग नियमाप्रमाणे त्यांना सांगितलं की आज माझी परीक्षा आहे, दुर्बीण मी चालवणार, मॅडम शेजारी उभ्या असतील, तुमची हरकत असेल तर मोकळेपणाने सांगा.

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघून घेतलं.

"परीक्षेला बसणाऱ्याच्या शेजारी मी आयुष्यभर बसलोय," ते म्हणाले. "गाडी व्हायची वेळ पहिल्यांदाच आली. करा, बाई. फक्त क्लच हळू सोडा."

थोरल्या सिस्टर तोंड फिरवून हसल्या. ती त्यांची शेवटची मोकळी हालचाल. एकदा सुरू झालं की परीक्षेत त्यांनी फक्त मी सांगेन तेवढंच करायचं, स्वतःहून ना हात लावायचा ना हूं करायचं. पाठांतर काचेपलीकडे उभा होता. त्याने यायला हवं होतं असं नाही. पण आला होता.

काकांना झोपेचं औषध थोडंच दिलं होतं. ते डाव्या कुशीवर पडून समोरच्या पडद्याकडे बघत होते. त्यांनी आदल्या दिवसापासून पोट साफ करायचं औषध प्रामाणिकपणे घेतलेलं होतं, आतडं स्वच्छ, गुलाबी, चकचकीत. मी दुर्बीण हातात घेतली आणि सकाळपासून छातीत जी धडधड होती ती उतरून जणू बोटांत आली, आणि तिथे ती कामाला लागली.

काय सुरेख चाललं होतं! डावीकडचं खालचं वळण मी वेटोळं न होऊ देता पार केलं. प्लीहेजवळचा कोपरा, थोडी हवा ओढून घेतली, टोक वळवलं, आणि समोर आडवं आतडं उघडलं, त्याच्या त्या तिकोनी कमानी एकामागून एक, जशा काही कोणीतरी आपल्यासाठीच दारं उघडत चाललंय. काकांनी हूं का चूं केलं नाही. सिस्टरना मी पोटावर हात ठेवायला सांगितलं, त्यांनी ठेवला. घड्याळाकडे नजर गेली तर सहा मिनिटं झाली होती. सहा! सरावात मला पंधरा लागायची. माझ्या डोक्यात एकदम सगळं एकाच वेळी पळायला लागलं. कपाटातल्या दुर्बिणीवरची चादर, ठकीचे दात, सासूबाईंना काय सांगायचं, पहिला पेशंट कोणाला बोलवायचं. आणि समोर आतडं रुंद झालं, गोल झालं, पुढे भिंत दिसली.

"पोहोचले," मी म्हटलं.

खोलीत कोणी काही बोललं नाही. कोणी बोलणारच नव्हतं, नियमच तसा. थोरल्या सिस्टर भिंतीवरच्या हात धुण्याच्या तक्त्याकडे बघायला लागल्या. तो तक्ता त्यांनी तीस वर्षं बघितला होता. मॅडम म्हणाल्या, "फोटो घ्या."

फोटो तीन गोष्टींचे घ्यायचे असतात. लहान आतडं जिथे येऊन मिळतं तिथली ओठासारखी घडी, टोकाला तीन पट्ट्या एकत्र येतात ती जागा, आणि अपेंडिक्सचं तोंड, बेंबीसारखं छोटंसं. मी शोधायला लागले. पाणी मारलं. वर बघितलं, खाली बघितलं. अपेंडिक्सचं तोंड कधीकधी घडीत दडतं. मी घडी सरकवली. नव्हतं. ओठासारखी ती घडी म्हणून जी मला दिसत होती ती नीट बघितल्यावर नुसतीच घडी होती.

मग एका घडीच्या कडेने पिवळसर पाण्याचा एक थेंब आला, आणि त्यात तीन बारीक बुडबुडे.

मी बघत राहिले. आणखी दोन आले. बुडबुडे भिंतीतून येत नाहीत. बुडबुडे येतायत म्हणजे त्या घडीमागे रस्ता आहे, आणि रस्त्यापलीकडे अजून आतडं आहे. मी दुर्बीण जराशी वळवली आणि डाव्या बाजूला, भिंतीमागे, ती दिसली. निळी छटा. पावशेर शाई सांडावी तशी. इतका वेळ ती तिथेच होती.

पान एकशे बेचाळीस.

मला एवढंच सुचत होतं की काही न बोलता हळूच पुढे सरकावं. घडीमागे जावं, खऱ्या टोकाला पोहोचावं, तिथले फोटो काढावेत, आणि फोटो दिसले की कोण विचारतंय शब्द कुठे म्हटला होता? पडद्यावर तर सगळं गुलाबीच दिसतं. मॅडमनी बघितलं नसेलही. पण काकांच्या मिशा पडद्याच्या उजेडात दिसत होत्या, आणि त्यांचा तो स्टीअरिंगचा हात उशीची कड घट्ट धरून होता. मी पोहोचले म्हटल्यावर ती पकड सैल झाली होती, हे माझ्या लक्षात होतं. म्हणजे त्यांनी तो शब्द ऐकला होता आणि त्यावर विश्वास ठेवला होता. अपेक्षेपेक्षा लवकर सुटलो, असं मनाशी धरून ते पडले होते.

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच भलताच मोठा वाटला. "मी चुकले. हे यकृताचं वळण आहे. अजून पोहोचले नाही. काका, थोडा रस्ता बाकी आहे."

मॅडमनी चष्मा काढला.

त्या पुसत असताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. परीक्षा संपली असं त्या म्हणाल्या असत्या तर मला दुर्बीण त्यांच्या हातात द्यावी लागली असती, म्हणून मी ती आणखी घट्ट धरली. चष्मा पुसून झाला. त्यांनी तो परत घातला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पण थांबा म्हणाल्या नाहीत.

"गल्ली चुकली होय?" काका म्हणाले. जीभ औषधाने जड झाली होती. "होतं. माझं तर एक पोर परीक्षेत साहेबाला घेऊन सरळ पेट्रोल पंपात शिरलं होतं."

मी त्यांना म्हटलं, आता जरा दुखेल, दुखलं की सांगा. घडीमागे टोक वळवून मी पुढे ढकललं आणि व्हायचं तेच झालं. डावीकडे खाली वेटोळं. टोक जागचं हलेना. काकांनी दात आवळले. माझ्या हाताला अजून ढकलावंसं वाटत होतं, सगळं अंग म्हणत होतं की आता तरी पुढे, आता तरी पुढे. मी हात थांबवला. श्वास सोडला. काकांना म्हटलं, आता मी मागे घेतेय.

"अडकली की मागेच घ्यायची," ते पुटपुटले. "पुढे रेटणाऱ्याला मी कधी परीक्षेला पाठवला नाही."

मागे ओढत गेले, उजवीकडे पिळत. सिस्टरना म्हटलं, डावीकडे खाली दाबा, अजून थोडं खाली. त्यांचा हात मी शब्द पुरा करायच्या आधीच तिथे होता, पण दाबला मात्र माझं वाक्य संपल्यावरच. काकांना पाठीवर वळायला सांगितलं. हवा ओढून घेतली. आणि मग ते झालं. हाताने मी दुर्बीण बाहेर काढत होते आणि पडद्यावर मी पुढे चालले होते, घडीच्या कडेवरून, बुडबुड्यांच्या मागे, उतारावरून खाली. तीन पट्ट्या तीन बाजूंनी येऊन एकत्र मिळाल्या. डाव्या बाजूला ती ओठासारखी घडी, खरीखुरी, जाडसर, आणि माझ्यासमोरच ती उघडली आणि तिने पिवळ्या पाण्याचा एक घोट सोडला. आणि मधोमध, घडीच्या आत, बेंबीएवढं, लाजल्यासारखं, अपेंडिक्सचं तोंड.

मी शब्द म्हटला नाही. आधी तीन फोटो काढले. मग प्रत्येक फोटो पडद्यावर परत आणून बघितला. सिस्टरना विचारलं, उजवीकडे खाली पोटावर आतून दुर्बिणीचा उजेड दिसतोय का? त्या म्हणाल्या, लख्ख. मग मी म्हटलं, "पोहोचले." बावीस मिनिटं झाली होती.

बाहेर येताना घाई करायची नसते, सहा मिनिटांच्या आत तर नाहीच. मी अकरा घेतली. प्रत्येक घडीमागे गेले, प्रत्येक डबकं ओढून घेऊन खालचं बघितलं. ज्या भागाआधीच मी मघाशी थांबले होते तो विशेष बघितला, दोनदा बघितला. आत आणि पुन्हा बाहेर. तिथे काही निघालं असतं तर ही गोष्ट सांगायला अजून बरी झाली असती, हे मला माहीत आहे. तिथे काही नव्हतं. स्वच्छ, गुलाबी, जिवंत आतडं, बारीक लाल शिरांची जाळी असलेलं, एखाद्या पानासारखं. आडव्या भागात काही नाही. डावीकडे काही नाही.

दुर्बीण बाहेर आली. मी हातमोजे काढले आणि काकांच्या समोरच्या बाजूला जाऊन वाकले.

"काही नाही," मी म्हटलं. "सगळं बघितलं. टोकापर्यंत. काहीच नाही."

ते माझ्याकडे बघत होते. त्यांना ते वाक्य पोहोचायला जरा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, टोकापर्यंत म्हणजे नक्की का? मी म्हटलं, नक्की, फोटो आहे, दाखवते. त्यांनी पडद्यावरचा तो बेंबीएवढा फोटो बराच वेळ बघितला. भावाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण मिशीवरून एकदा हात फिरवला आणि भिंतीकडे तोंड केलं. सिस्टरनी चादर त्यांच्या खांद्यापर्यंत ओढली.

मॅडमनी मला कोपऱ्यात बोलावलं. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. दोन रकाने शेजारी शेजारी होते. 'पहिली घोषणा बरोबर होती का', तिथे त्यांनी नाही लिहिलं होतं. 'चूक परीक्षकांनी दाखवावी लागली का', तिथेही नाही.

"पहिल्याचे मार्क गेले," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यावर पास-नापास ठरतं. तुम्ही पहिल्यांदा म्हणालात तेव्हा मी मनात तीसपर्यंत मोजायला लागले होते. तीसला सांगणार होते."

मी विचारलं, किती झाले होते?

"सव्वीस."

मी नुसती मान हलवत राहिले, खरं तर कुठलाच प्रश्न नव्हता. त्या म्हणाल्या, घरी फोन करायचा असेल तर पाच मिनिटांत करून या. काचेपलीकडे पाठांतर दोन्ही हात वर करून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, शप्पथ, माझ्यापेक्षा जास्त आनंद होता. बाहेर येऊन मी फोन लावला. सासूबाईंनी म्हटल्याप्रमाणे उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा उचलला आणि माझं काही ऐकायच्या आत म्हणाल्या, खालचा उजवा दात आलाय, ताप उतरलाय, जेवून झोपलीय, आता बोल. मी म्हटलं, आई, पास झाले. मग त्या म्हणाल्या, मला ठाऊक होतं, आणि लगेच, पण आज बसमध्ये उतरायचं विसरू नकोस, तुझं काही सांगता येत नाही. त्यांचा आवाज जरा जाड झाला होता. पदर नाकाला लावल्याचं ऐकू येतं, फोनवरसुद्धा.

परत आले तर थोरल्या सिस्टर नवी चादर घालत होत्या आणि दाराबाहेर पुढच्या पेशंटची चाकाची खुर्ची येऊन थांबली होती. पन्नाशीच्या एक बाई, हातात फाइल, चेहरा भेदरलेला. मॅडम स्वेटरची बटणं लावत होत्या.

मी सवयीने पडद्याशेजारची माझी शिकाऊ जागा पकडली. मॅडम म्हणाल्या, "तिथे नाही, इकडे या." त्यांनी दुर्बिणीची मूठ माझ्या हातात दिली आणि स्वतः दाराकडे निघाल्या. मी विचारलं, तुम्ही? वर्षभरात त्या खोलीत नसताना मी त्या दुर्बिणीला बोट लावलं नव्हतं. तसा नियमच होता.

"मी चहाला चाललेय," त्या म्हणाल्या. "अडलंच तर सिस्टर मला बोलावतील. पण त्या बोलावणार नाहीत."

दार लागलं. खोली तीच होती, तेवढीच, पण एक माणूस कमी झाल्यावर ती एकदम किती मोठी वाटते. थोरल्या सिस्टरनी बाईंना कुशीवर घेतलं, चादर नीट केली आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

"बोला, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "सुरू करू?"

मी वाकून बाईंना माझं नाव सांगितलं आणि विचारलं, तुमची हरकत नाही ना, तपासणी मी करणार आहे.